डाव्या हाताने उघडेल अशी कडी

८ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ओरडून सांगितलेलं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, फक्त तुम्हाला जात नाही, म्हणून हे पत्र. शिवाय विषय असा आहे की गल्लीला कळला तरी चालेल, पण आमच्या घरात कळून चालणार नाही.

मला आपल्या छोट्या ट्रकला मागचा बंपर बनवायचाय. साधा नाही. जाड लोखंडाचा बंपर, त्याच्या एका कोपऱ्यावर बिजागरी, बिजागरीवर आडवा दांडा आणि दांड्यावर स्टेपनी. दार उघडावं तसा दांडा फिरवला की स्टेपनी बाजूला होते. मग मागचा फाळका खाली पाडायचा आणि मधपेट्या चढवायच्या-उतरवायच्या. अशा गाड्या मी पाहिल्यात. एकीच्या मागोमाग तर पेट्रोल पंपावर गेले आणि मालक पैसे देत होता तेवढ्यात वाकून सगळं बघून घेतलं.

कारण तुम्हाला थोडंफार माहीत आहे. आपल्या ट्रकची स्टेपनी हौद्याच्या पोटाखाली साखळीने टांगलेली असते. गेल्या ऑक्टोबरात पेट्या घेऊन सूर्यफुलांकडे निघालो होतो, तेव्हा डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर मागचं चाक फुटलं. साखळी गंजलेली, वर वाळलेल्या चिखलाचा थर. स्टेपनी काही केल्या निघेना. प्रवासात पेट्यांची तोंडं जाळीने बंद असतात, आणि बंद पेटी उन्हात राहिली की माश्या आतल्या आत तापून मरतात. निम्म्याहून जास्त गेल्या.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, असलं काम त्याने कधी केलेलं नाही, पण दुपारी त्याचं वेल्डिंग मशीन रिकामं असतं, ते मी वापरावं. थोडंफार शिकवेनही म्हणाला. तुम्ही जन्मभर जहाजांची पोटं जोडलीत. सांगा, सुरुवात कुठून करू? बिजागरी कसली घेऊ? आणि कडी अशी करता येईल का, की एकाच हाताने उघडेल? डाव्या?

तुमच्या भाच्याला यातलं काही लिहू नका. त्याला तयार झाल्यावरच दाखवायचंय.

तुमची सून

१७ जानेवारी

सूनबाई,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली. काय हे अक्षर! लग्नानंतर तू मला पहिलं पत्र पाठवलंस ते मी शेजारणीला दाखवलं होतं, बघा म्हटलं, मोत्याचे दाणे. आणि हे? कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली असावी. घाईत खरडलंस ना? लोखंडाच्या कामात अशीच घाई करणार असशील तर आत्ताच सांग, म्हणजे मी माझी शाई वाचवते.

बरं, ऐक. जहाज काय आणि बंपर काय, काम तेच. फरक एवढाच की जहाज बुडलं तर बातमी होते.

बंपर कशाला धरून राहणार, हे आधी ठरव. हौद्याच्या पत्र्याला नाही. पत्रा म्हणजे अंगातला सदरा. सदरा धरून माणूस उचलता येत नाही, हाडाला हात घालावा लागतो. ट्रकचं हाड म्हणजे चॅसिस. जुना बंपर काढलास की चॅसिसची दोन टोकं दिसतील. त्यांना जाड पट्ट्या बोल्टने आवळायच्या आणि त्या पट्ट्यांवर बंपर.

दाराची बिजागरी चालायची नाही. स्टेपनीच्या वजनाने महिन्याभरात तोंड वेंगाडेल. भंगारात जा आणि छोट्या ट्रेलरच्या चाकाच्या मधोमध असतो तो हब शोध, आतल्या बेअरिंगसकट. अख्ख्या ट्रेलरचं ओझं घेऊन जो गरगर फिरला, तो तुझा दांडा झोपेत फिरवील. हब ज्याच्यावर फिरतो तो खुंट बंपरच्या चौकोनी पाइपात वरून खाली आरपार घाल. वर जोड आणि खालीही जोड. नुसता वरच्या पत्र्यावर उभा केलास तर दुधाच्या दातासारखा हलायला लागेल.

बिजागरी रहदारीच्या बाजूला आणि कडी रस्त्याच्या कडेला. म्हणजे कडी उघडताना तू गटारात उभी असशील, पण जिवंत असशील.

बंपर खाली जमिनीवर ठेवूनच जोड. ट्रकवर वेल्डिंग करायचीच वेळ आली तर आधी बॅटरीची तार काढायची आणि इंधनाच्या टाकीपाशी ठिणगी उडू द्यायची नाही. आधी नुसते टाके मार, चारी बाजूंनी थोडे थोडे. मग लांब शिवण. एका दमात एकच बाजू शिवलीस तर लोखंड तापून तिकडे वाकतं, आणि वाकलेलं लोखंड म्हणजे रुसलेला जावई. सरळ होता होत नाही.

आता कडी. तू डावखुरी आहेस? आणि मला हे इतक्या वर्षांनी कळतंय? करता येईल, त्यात काय. पण तुझा नवरा, आमचा ढब्बू, उजवा आहे आणि गाडी तोही चालवतो. त्याचाही विचार कर. त्याला सांगत नाही, पण तुमच्यात लपवाछपवी कधीपासून सुरू झाली?

आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टपली पोचली. पेन बरं नव्हतं, दुसरं काही नाही.

जुना बंपर काढला. तीन बोल्ट सुटले, चौथ्याने इतका छळ केला की शेवटी कापावा लागला. काढल्यावर कळलं की तो बंपर नव्हताच, वाकवलेला डबा होता. चॅसिसची टोकं मात्र ठणठणीत आहेत. तारेच्या ब्रशने घासली तर खालून चकचकीत लोखंड निघालं.

हब मिळाला! भंगारवाल्याने आधी मला तीन सायकलींची चाकं दाखवली. मी नको म्हटलं. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे ते घरून कुणाला तरी विचारून या." मी म्हटलं, "विचारूनच आलेय. ज्यांनी सांगितलं त्या जहाजं जोडायच्या." त्यानंतर त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि ढिगाच्या तळातून हब काढून आणला. ग्रीस वाळून डिंक झालं होतं. रॉकेलमध्ये धुतला, नवं ग्रीस भरलं. आता बोटाने ढकलला तरी फिरत राहतो. मी मधूनमधून उगाचच फिरवून बघते.

माझे टाके अजून टाके वाटत नाहीत, मुंगळ्यांची रांग वाटते. गॅरेजवाला रोज बाहेर येऊन बघतो. काल म्हणाला, "वहिनी, बंपर बनवताय की रणगाडा?" मी म्हटलं, "आधी बंपर होऊ दे, उरलं लोखंड तर रणगाड्याचं बघू." खुंटाची शिवण मात्र त्यानेच घातली. ती माझ्या मुंगळ्यांवर सोडायला माझी छाती झाली नाही.

ट्रक सध्या गॅरेजमागच्या आवारातच उभा असतो, त्यामुळे मापं घेणं सोपं जातं. घरी अजून काही माहीत नाही. त्याला वाटतं मी दुपारी दवाखान्यात व्यायामाला जाते. तसं ते अगदीच खोटं नाही, ग्राइंडर धरणं हाही व्यायामच की.

आता दांडा. चौकोनी पाइप किती जाड घेऊ?

तुमची सून

९ फेब्रुवारी

सूनबाई,

पाइपाचं मागून.

दवाखान्यात कसला व्यायाम? कोणाचा? पेट्या हलवायच्या दिवसांत ट्रक आवारात उभा का? आणि पेन बरं नव्हतं तर दुसऱ्या पत्राला नवं का घेतलं नाहीस?

माझे कान गेलेत, अक्कल अजून आहे. उलट टपाली लिही. खरं लिही.

आत्या

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तुमचं रक्तदाबाचं प्रकरण, आणि तुम्ही लगेच बॅग भरून निघाल म्हणून. त्याच्यावर रागावू नका.

त्या सकाळी स्टेपनी निघेना, तेव्हा ट्रक जॅकवर आणखी वर उचलला. साखळीवर खालून हातोडा मारला तर सुटेल असं वाटलं. खाली मी गेले, कारण मी बारीक. तो मावलाच नसता. रात्री पाऊस झाला होता आणि माती वरून कोरडी, आतून मऊ होती. मी तिसरा घाव घातला असेल नसेल, जॅक तिरका झाला आणि ट्रक खाली आला. मी बाहेर सरकले, पण उजवा हात राहिला. खाली दगड होता.

त्याने खांदा लावून ट्रक उचलायचा प्रयत्न केला. माणसाने ट्रक उचलायचा, आत्या. मला त्या वेळी हाताचं काही वाटत नव्हतं, त्याच्या तोंडून जो आवाज येत होता तो बंद व्हावा एवढंच वाटत होतं. मग एक दुधाचा टँकर आला. त्याच्या चालकाने त्याचा जॅक लावला आणि आम्हाला दोघांना दवाखान्यात सोडलं. पेट्या तिथेच राहिल्या. पुढचं मी लिहिलं होतं ते खरंच आहे.

हात वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट चालतं, बाकीची तीन मिटत नाहीत. म्हणून पत्रं डाव्या हाताने. कोंबडीची उपमा वाचून मी खूप हसले, तेव्हा त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

खरं दुखणं वेगळंच आहे. तो तेव्हापासून ट्रकला हात लावत नाही. किल्ली कपाटात टाकलीये. मला पाण्याचा पेला उचलू देत नाही. माझी वेणी घालतो, आणि आत्या, छान घालतो. ताटातलं मोठं काही असलं की मी बघायच्या आत त्याचे तुकडे झालेले असतात. पहिला महिना मला ते गोड वाटलं. आता मी स्वयंपाकघरात गेले की तो मागे येऊन उभा राहतो, आणि मला वाटतं किंचाळावं. पण कशासाठी किंचाळू? तो काही वाईट करतच नाही.

उरलेल्या पेट्या आणि ट्रक विकायचं त्याने ठरवलंय. मार्चच्या शेवटी एक जण बघायला येणार आहे. आणि इकडे बागायतदाराचा निरोप आलाय की एप्रिलमध्ये सफरचंदाला फुलं येतील, दरवर्षीसारख्या पेट्या आणा. माश्या आल्या नाहीत तर फळ कमी धरतं, म्हणून तो आमचीच वाट बघतो. मी त्याला "येतो" असं कळवून टाकलंय. घरी न विचारता.

मला त्याची भीती घालवायचीये. स्टेपनी उभ्या उभ्या, एका हाताने, गाडीखाली न जाता काढता येते हे त्याला दाखवलं की तो समजेल. म्हणून हा बंपर.

आता सगळं सांगितलं. पाइप किती जाड?

तुमची सून

२२ फेब्रुवारी

माझ्या लाडके,

पत्र दोनदा वाचलं. मग अंगणात जाऊन बसले. मग परत येऊन वाचलं. कोंबडी म्हणणारी जीभ हासडून ठेवावीशी वाटते, पण तू हसलीस म्हणतेस, तर राहू दे तोंडात. बॅग भरली नाही. भरून ठेवली होती, पुन्हा रिकामी केली. मी तिथे आले तर तुझ्या हातातलं काम मी काढून घेईन, मला मी चांगली ओळखते. आधीच घरात एक काढून घेणारा आहे.

पाइप. भिंत बोटाच्या नखाएवढी जाड असली की पुरे. जास्त जाड घेऊ नकोस. मनातली भीती लोकांना लोखंडात ओतावीशी वाटते, आणि मग शेपूट इतकी जड होते की गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. पुरेसं मजबूत कर आणि थांब.

कडी अशी कर. लांब मुठीचा खटका, मोठ्या डब्याच्या झाकणाला असतो ना, दाबला की स्वतःच ताणून धरतो, तसा. मूठ तुझ्या कमरेच्या उंचीला, बाहेरच्या अंगाला. म्हणजे बोटांनी ओढावं लागणार नाही, तळहाताने वर लोटलं की सुटेल. आणि दांडा पूर्ण उघडला की आपोआप एक खुंटी खाली पडून तो तिथेच अडकला पाहिजे, नाहीतर उतारावर किंवा वाऱ्याने फिरून तुझ्याच पाठीत बसेल. नंबरपाटी आणि दिवा चाकाआड जातील, ते दांड्यावर बाहेर आण.

आता दुसरं, आणि हे नीट ऐक. त्याला तयार बंपर दाखवू नकोस. अर्धवट असतानाच दाखव. तयार वस्तू माणसापुढे ठेवली की त्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं, आणि तो नाहीच म्हणेल. अर्धवट असली तर त्याला हात घालता येतो. लहानपणी दर सुट्टीत तो माझ्याकडे असायचा. झोपाळ्याचा आकडा, फाटकाची कडी, काहीही अर्धवट पडलेलं दिसलं की जेवण सोडून तिथे. हे माझ्या पत्राने कळायला नको. तूच सांग.

आत्या

१४ मार्च

आत्या,

तू बरी असशील. मी बरा नाही.

तू हिला बंपर शिकवतेस हे मला आठवड्यापूर्वी कळलं. मला गॅरेजमागे घेऊन गेली. तिथे ते सगळं लाकडाच्या ठोकळ्यांवर मांडलेलं. म्हणाली, "बघ, दांडा फिरतोय, कडी अजून व्हायचीये." मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. गॅरेजवाला ऐकत होता आणि मी ओरडत होतो. ट्रक विकायचाय तर हे कशाला, असं म्हणालो. मला लोखंड दिसतच नव्हतं. तिचा हात ग्राइंडरजवळ दिसत होता.

ती रडली नाही, भांडली नाही. हातमोजा काढून मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "मी उद्याही येणार आहे." आणि रोज जाते. घरी आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतो. वेणी आता ती स्वतः घालते. वाकडी येते, तशीच जाते.

आत्या, जॅक मी लावला होता. "तू जा खाली, तू मावशील," हे मी म्हणालो होतो. ट्रक खाली येतो तो आवाज कसा असतो, तुला माहीत नाही. मला ती गाडीजवळ नको, लोखंडाजवळ नको. बस, घरात राहावी. मी दुसरं काहीतरी काम बघेन. कुठेतरी चौकीदारी मिळेल. तिचं तू ऐकत आलीस, आता माझं ऐक आणि तिला थांबव. तुझा शब्द ती मोडणार नाही.

ढब्बू

२० मार्च

ढब्बू बाळा,

तिला मी थांबवणार नाही. का, ते सांगते, मग हवं तर माझ्याशीही मीठ-दार एवढंच बोल.

तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. गोदीत काम करताना मी परांचीवरून पडले. खांदा निखळला. बरा होऊन परत गेले तर आमचा मुकादम, देवमाणूस, मला म्हणाला, "बाई, आता तुम्ही गोदामात बसायचं." गोदाम कोरडं. वर पंखा, खाली गादीची खुर्ची. आलेल्याला हातमोजे द्यायचे, एवढंच काम. सगळे येता-जाता विचारायचे, कसं आहे, दुखतंय का, पाणी आणू का. बाळा, पडले तेव्हा मी जेवढी रडले नाही तेवढी त्या गोदामात रडले. कोणी वाईट असतं तर भांडले असते. सगळे चांगले! चांगल्या माणसांशी भांडायचं कसं?

शेवटी एका सकाळी गोदामाची किल्ली मुकादमाच्या टेबलावर ठेवली, माझा वेल्डिंगचा मुखवटा उचलला आणि जहाजाखाली जाऊन उभी राहिले. तो धावत आला. मला वाटलं आता हात धरून ओढणार. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पण "चढू नका" म्हणाला नाही. शिडीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरून उभा राहिला. त्याचे हात थरथरत होते ते मला वर चढताना पायाला जाणवत होतं. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत चढत राहिले.

जॅक तू लावलास. माती मऊ होती. जॅकखाली फळी हवी होती, ती नव्हती. यात तुझं चुकलं ते फळीएवढं. तू त्याचं डोंगराएवढं केलंस, आणि त्या डोंगराखाली आता ती बसलीये. हात तिचा गेला आणि घर तुझ्या भीतीचं झालं, हे काही बरोबर नाही.

तुला ट्रकमध्ये बसायला सांगत नाही. पेट्या विकू नको असंही सांगत नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. माझं एकच काम कर. दांड्याला स्टेपनी लटकवली की मोकळं टोक थोडं खाली झुकतं. किती झुकतं ते मला इथून दिसत नाही आणि तिने अजून लिहिलेलं नाही. म्हणजे झुकत असणार आणि ती लपवत असणार. तू जाऊन बघ आणि मला कळव.

तुझी आत्या

२९ मार्च

आत्या,

झुकतं. जवळजवळ एक बोट. कडी बसवताना तिला गुडघ्याने दांडा वर लोटावा लागत होता. विचारलं, हे आत्याला का नाही लिहिलंस? तर म्हणाली, "अक्षराची टपली पुरे झाली, म्हटलं दुसरी नको."

दांडा जिथे येऊन मिटतो तिथे बंपरवर एक उतरती पाचर जोडली. मिटताना दांडा तिच्यावर चढतो आणि स्वतःच वर उचलला जातो. सगळं वजन पाचरीवर बसतं, कडीवर काही येत नाही. पाचरीचा कोन तीनदा बदलला. पहिल्यांदा इतका उभा झाला की दांडा वर चढेचना. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, शिडी लावा त्याला." दुसऱ्यांदा मी वेल्डिंग केलं आणि हिने मुखवटा वर करून माझी शिवण बघितली. म्हणाली, "मुंगळे तुझ्याकडेही आहेत." बऱ्याच दिवसांनी हसलो.

तिची कडी चांगली झालीये. मूठ थोडी जाड होती, मी तासली.

घेणारा आला होता. पेट्या उघडून बघितल्या, पसंत पडल्या. ती बाजूलाच उभी होती, अंगात कामाचा मळका कोट. मी त्याला म्हटलं, एप्रिलनंतर बोलू. "नंतर" म्हटलंय, "नाही" म्हटलेलं नाही. पण ती माझ्याकडे बघत राहिली.

बंपर परवा चढवतोय. रंग काळा.

ढब्बू

१९ एप्रिल

प्रिय आत्या,

आम्ही जाऊन आलो! त्याने दोन ओळींत उरकलं असतं, म्हणून मीच लिहिते.

निघायच्या सकाळपर्यंत तो येणार की नाही, मला माहीत नव्हतं. पेट्या चढवल्या. कपाटातली किल्ली त्याने आणली आणि माझ्यापुढे धरली. मला वाटलं तो घरी थांबतोय. तर म्हणाला, "चालव तू. मी बाजूला बसतो." डाव्या हाताने गिअर टाकताना स्टिअरिंग धरायला उजव्याचा अंगठा आणि एक बोट पुरतात, हे मी आवारात आधीच करून बघितलं होतं. वळणावळणावर तो पुढच्या फळीला धरून बसला होता, ब्रेक त्याच्याच पायाशी असल्यासारखा पाय दाबत होता. पण "हळू" म्हणाला नाही. एकदाच म्हणाला, आणि तेव्हा मी खरंच जोरात होते.

वाटेत काही झालं नाही. चाक फुटलं नाही, खिळा नाही, काही नाही. ज्यासाठी सगळा खटाटोप, ते घडलंच नाही. ऊन चढायच्या आत बागेत पोचलो. मी खाली उतरून मागे गेले, डाव्या तळहाताने मूठ वर लोटली, कडी सुटली. दांडा फिरला, खुंटी टक करून पडली. फाळका पाडला. तो शेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. पेट्या झाडांखाली मांडल्या, जाळ्या काढल्या. थोडा वेळ शांत, मग एक माशी बाहेर, मग दहा, मग हिशेबच नाही. सगळी बाग पांढरी होती.

मला वाटलं, झालं, आता परत. तेव्हा तो म्हणाला, "एक चाक बदलून बघू या का?"

म्हटलं, "कशाला? चारही चांगली आहेत."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी हसत हसत जॅक घेतला. म्हटलं, सगळं मीच करणार, तू बस. तो एका दगडावर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. मी जमीन पायाने दाबून बघितली, फळी टाकली. चाकांपुढे दगड लावले. मग गुडघे टेकले आणि जॅक आत सरकवायला हात पुढे केला.

आत्या, हात जाईना.

मी तुम्हाला लिहिलं होतं ना, त्याची भीती घालवायची आहे म्हणून? हे सगळे महिने मी तेच समजत होते. हबला ग्रीस भरताना, पाइप कापताना, एकदाही मला माझ्याबद्दल काही वाटलं नाही. आणि आता ट्रकच्या मागच्या चाकाशी बसले, आतला अंधार दिसला, ओल्या मातीचा वास आला, आणि उजवा हात छातीशी जाऊन चिकटला. डावाही पुढे होईना. उभ्या उभ्या, गाडीखाली न जाता, असं मी ज्याच्याबद्दल म्हणत होते, तो बंपर मी त्याच्यासाठी बनवलाच नव्हता.

मी हाक मारली नाही. पण जॅक सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणून असेल, त्याने वळून बघितलं. आला. माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला. मला वाटलं आता म्हणेल, सोड, मी करतो, आणि खरं सांगते, मी सोडलाही असता.

त्याने जॅक घेतला नाही. त्याने स्वतःचा हात आत घातला. पार आत, चाकामागे, जिथे माझा राहिला होता तिथे. आणि तळवा वर करून तो तिथेच ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ये."

मग मी जॅक सरकवला. चाक उचलण्याआधी दोघांनी हात बाहेर काढले. नट मी सोडवले, दांड्यावरची स्टेपनी मी उतरवली. ती जड असते, तिला मी गळ्यात पडल्यासारखी धरून खाली आणली. बसवायला मात्र त्याचा एक हात लागला, आणि मी घेतला. बराच वेळ गेला. शेवटचा नट आवळला तेव्हा दोघांच्या कपाळाला काळं लागलं होतं.

तेवढ्यात बागायतदार धावत आला. "अरे अरे, पंक्चर झालं की काय?"

"नाही," हा म्हणाला, आणि पान्हा माझ्या हातात देत पुढे म्हणाला, "आता पुढचं चाक."

तुमची सून